कॅरॅव्हॅन, दोन मांजरं आणि वाकडा केक: आरवलीच्या वाडीतला एक दिवस

आधी मुद्द्याचं सांगते. कोकणात कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यायची असेल तर उभी करायला घ्या. म्हणजे एक चांगली वाडी शोधा (घरामागची नारळी-आंब्याची बाग), सावली बघा, प्लग बघा, गाडी लावा आणि दिवसभर तिथून हलू नका. एवढं केलंत तर पैसे वसूल. आणि आज मालवण, उद्या वेंगुर्ला, परवा रेडी असा बेत असेल तर सरळ आपली कार काढा आणि होमस्टेत राहा, निम्म्या पैशात होईल आणि प्रत्येक वळणावर समोरून एसटी आली की जीव मुठीत धरावा लागणार नाही.

आम्ही घेतलेली गाडी फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली होती, सात मीटरच्या आत-बाहेर लांब, ड्रायव्हरसकट, ताबा कुडाळला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली जे रडगाणं आहे ते जवळपास कुठल्याही कॅरॅव्हॅनवाल्याला लागू पडेल. भाडं दिवसाला पाच आकडी, डिझेल वेगळं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, वाडीत लावायचे पैसे आणखी वेगळे. स्वस्त अजिबात नाही. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं तेव्हा वाटलेलं की आता जिथे तिथे पार्क होतील, प्लग आणि पाण्याची सोय असलेले, पण आम्ही गेलो त्या पट्ट्यात तरी अजून सगळं ओळखीपाळखीवर आणि फोनाफोनीवर चालतं.

मग घेतलीच का, तर मांजरांमुळे. भुरी आणि टिल्लू. हॉटेलला फोन करून कुत्रा चालेल का विचारलं तर निदान मालकाला विचारून सांगतो म्हणतात, मांजर म्हटलं की पलीकडे एकदम शांतता. आणि मांजराला रोज नवीन खोली दिली तर ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि निघायच्या वेळी आपण टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे. कॅरॅव्हॅनमध्ये खोली तीच राहते, बाहेरचं गाव बदलतं, हे त्यांना बरोबर पटलं.

कुडाळहून मठमार्गे वेंगुर्ला आणि मग मोचेमाडवरून आरवली, शिरोडा असा आमचा रस्ता. वेंगुर्ल्यापर्यंत ठीक आहे. पुढे अरुंद, वळणाचा, चढउताराचा, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे आणि वर काजू-आंब्याच्या फांद्या. गाडी वरच्या एसीसकट तीनेक मीटर उंच, त्यामुळे फांदी घासली की आत असा आवाज येतो की छप्पर गेलंच. मोचेमाडच्या उतारावरून खाडी आणि समुद्र एकत्र दिसतो तो भारी आहे पण आमचे ड्रायव्हर दादा बिचारे त्या वेळी फक्त विजेच्या तारा बघत होते. माणूस एकदम सावध, एकदाही घाई केली नाही, त्यांना पूर्ण मार्क. मांजरं चालत्या गाडीत कॅरिअरमध्येच ठेवायची आणि कॅरिअर सीटबेल्टने बांधायचा, मोकळी सोडून काही व्हिडिओवाले मांडीवर घेऊन बसतात तसलं काही करू नका, ब्रेक लागला तर मांजर थेट पुढच्या काचेवर.

आता वाडी. आरवलीच्या बाजूला एका काकींच्या घरामागे जागा मिळाली. नारळी पोफळी मागे, पुढे आंब्याची दोन मोठी कलमं, कडेला कुळागर, म्हणजे पाण्याखालची मिश्र बाग. दादा पहिल्यांदा मस्त गार सावली बघून गाडी नारळाखाली घेत होते, काकी घरातून ओरडत आल्या. नारळाखाली गाडी लावायची नाही, कधीच नाही. नारळ सोडा, सुकलेली झावळ जरी वरून आली तरी सोलर पॅनेलचा चुरा. शेवटी आंब्याखाली लावली, तिथे मोहोराचा चिकट रस टपकतो आणि काच खराब होते पण तेवढं चालतं. समुद्रावरच का नाही लावत असं नवरा म्हणत होता, त्याला फोटोत तसं पाहिजे होतं. तर वाळूत एवढं वजनदार धूड रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि दुसरं म्हणजे हा कासवांच्या विणीचा काळ, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडलेची घरटी होतात, पिल्लं उजेडाकडे वळतात, तिथे आपली रंगीत एलईडी पट्टी लावून बसायचं म्हणजे काय.

तारखा मी मुद्दाम सुरंगीच्या बघून धरल्या होत्या, मार्चची सुरुवात. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, सुरंगी फांदीच्या टोकाला फुलत नाही, जुन्या जाड लाकडालाच झुपक्याझुपक्याने कळ्या चिकटलेल्या असतात, पार खोडापर्यंत. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा. आणि वास, तो आधी येतो, झाड नंतर दिसतं. आरवली आणि आसपासच्या गावांत या फुलांवर महिना-दीड महिना घरं चालतात. पहाटे उजाडायच्या आत माणसं झाडावर, कारण पूर्ण उमललेल्या फुलाला गजऱ्यात भाव नाही, आणि एकदा ऊन चढलं की मधमाश्या अशा लागतात की झाडाखाली उभं राहिलं तरी नुसतं गुणगुण ऐकू येतं. काकींचा पुतण्या बांबूच्या शिडीवरून चढला, कमरेला पिशवी, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कळ्या ओरबाडत नाही तर अलगद मोडत होता, फांदीची साल दुखावली तर पुढच्या वर्षी तिथे कळी धरत नाही म्हणे. खाली काकी आणि शेजारणी बसून गजरे करत होत्या. सुकलेले कळेसुद्धा वाया जात नाहीत, ते विकत घेणारे व्यापारी येतात, रंगाला आणि अत्तराला जातात. मला एक वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, मिळाला तो मी गाडीत आरशाला अडकवला. पूर्ण वाळला तरी वास गेलेला नाही, आणि कॅरॅव्हॅनमध्ये संडास आतच असतो हे लक्षात घेता हा मुद्दा रिव्ह्यूत यायलाच हवा.

बाकी काजू फळायला लागलेला, खाली बोंडं पडून त्याचा आंबूस वास, आंब्याला उशिराचा मोहोर आणि कैऱ्या एकाच फांदीवर, काकींच्या दारात अबोली, जास्वंद, मधुमालती. कुंपणाला कण्हेर होती आणि विहिरीजवळ लिलीचे कंद. मांजरवाल्यांनी इथे जरा थांबा. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी, पान चावलं तरी हृदयावर जातं. आणि लिली, नर्सरीत मिळते ती खरी मोठ्या फुलांची, तिचे परागकण अंगाला लागून मांजराने नुसते चाटले तरी किडनी जाऊ शकते. विहिरीजवळची होती ती स्पायडर लिली, ती तेवढी जीवघेणी नाही, उलट्यांवर भागतं, पण मी कशाला ओळख परेड घेत बसू. दोघांना हार्नेस लावून पडवीच्या बाजूलाच बांधलं. टिल्लूने तास दीड तास एका सरड्याकडे बघण्यात घालवला. भुरी गाडीच्या पायरीवरून खाली उतरलीच नाही, तिथूनच गावाचा कारभार बघत बसली. काकी म्हणाल्या, "मांजरांका घेवन फिराक इलास? बरा केलास!" आणि नंतर एसीचा विषय निघाला तेव्हा, "आमचो बोको दिसभर पत्र्यार पडान आसता आणि तुमच्या मांजरांक एसी होयो?"

होयो, कारण गाडी म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी आहे. मार्चमध्ये बाहेर 33-34 अंश आणि दमट हवा, बंद गाडीत अर्ध्या तासात आतलं तापमान मांजराला सोसणार नाही इतकं चढतं. माणूस घामावर गार होतो, मांजराला ती सोय जवळजवळ नाही, तोंड उघडून धापा टाकायला लागलं की समजा आधीच उशीर झालाय. म्हणून मांजर घेऊन कॅरॅव्हॅन बुक करताना पहिला प्रश्न बेड किती मोठा हा नसून एसी किती तास चालतो हा असला पाहिजे.

आणि इथे येतो विजेचा हिशोब, जो जाहिरातीत कुणी सांगत नाही. गाडीत 12 व्होल्टची 400 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे जेमतेम 5 युनिट वीज. ऐकायला बरं वाटतं. एक टनाचा एसी तासाला जवळपास 1 युनिट खातो, कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो म्हणून थोडं कमी धरा. फ्रिज दिवसभरात अर्धा-पाऊण. दिवे, पंप, मोबाईल किरकोळ. म्हणजे प्लगशिवाय एसी रात्रभर चालणारच नाही, पहाटे चारला ढुप. सोलरने आंब्याखाली काय मिळणार, सावली पाहिजे का वीज पाहिजे हे एकदा ठरवा, दोन्ही मिळत नाही.

काकींनी 16 अँपिअरचा प्लग दिला, पण संध्याकाळी वाडीला पाणी सोडायला पंप लावला की व्होल्टेज एवढं पडायचं की आमचा चार्जर पिपाणी वाजवायला लागायचा. काकींचं काहीच चुकलं नाही, गावातली लाईन तशी आहे. फक्त कंपनीने गाडीसोबत दिलेली एक्स्टेंशन वायर बारीक होती, गुंडाळलेली ठेवली तर गरम होत होती, ती आम्ही पूर्ण सोडून पसरवून वापरली. एवढ्या भाड्यात जाड वायर देता येत नाही का.

आता बेकिंग, ज्यासाठी मी हीच गाडी निवडली. जाहिरातीत "बिल्ट-इन ओव्हन" लिहिलं होतं. प्रत्यक्षात कपाटात बसवलेला साधा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, 1500 वॉटचा. वाईट नाही, माझ्या घरीही तसलाच आहे, पण मग तसं लिहा ना. इन्व्हर्टर 3 केव्हीएचा, ओव्हन आणि एसी एकदम लावले आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या क्षणाला झटका बसला की सगळंच बंद. तेव्हा एक तर केक किंवा गारवा. त्यात ओटीजीमुळे आतली हवा तापते ती वेगळीच. म्हणून बेकिंग सकाळी सात-साडेसातला, दारं खिडक्या उघड्या, वरचा फॅन चालू, मांजरं बाहेर पडवीत. दुपारी ओव्हनला हातसुद्धा लावायचा नाही.

केक केला तो रव्याचा. आरवलीत वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात, त्यामुळे गावात केळ्याला तोटा नाही, काकींनी पिकायला आलेली वेलची केळी दिली. बारीक रवा दीड वाटी, गूळ वाटीभर, चांगली पिकलेली केळी कुस्करून, ताजं ओलं खोबरं, दही, तेल, वेलची, चिमूट मीठ. हे अर्धा तास मुरत ठेवायचं, रवा फुगला की दुधाचा हात लावून सारखं करायचं आणि अगदी शेवटी सोडा. गूळ आणि दही आहे म्हटल्यावर सोडा लगेच काम करतो, तेव्हा घालून गप्पा मारत बसायचं नाही. 180 अंशावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वर ओले काजूगर उभे चिरून लावले, मार्चमध्ये कोकणात असून ओले काजूगर न वापरणं म्हणजे पाप.

केक फुलला सुंदर पण एका बाजूला. डावीकडे चार बोटं, उजवीकडे दोन. कारण गाडी समतळ नव्हती. नुसत्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही, अंगणाला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतो ना, तेवढाच, पण पातळ पीठ भांड्यात कलतं आणि तसंच शिजतं. परदेशी कॅरॅव्हॅनवाले चाकाखाली लेव्हलिंगचे प्लॅस्टिकचे उंचवटे ठेवतात, आमच्या गाडीत ते नव्हतेच, दादांना विचारलं तर त्यांनी ते कधी बघितलेच नव्हते. मग काकींच्या पडवीतल्या दोन फळ्या पुढच्या चाकाखाली, ओट्यावर ताटलीत पाणी ठेवून बघायचं, दादा गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे, पुतण्या झाडावरून सूचना देतोय. यात अर्धा तास गेला पण रात्री झोपताना डोक्याकडे रक्त उतरल्यासारखं होत होतं तेही थांबलं. हे कंपनीने गाडी देतानाच करून द्यायला हवं, चार ठोकळ्यांचा खर्च तो किती.

काकींना केक नेऊन दिला. खाल्ला, शेजारी वाटला, मग म्हणाल्या, "बरो झालो हा, पन वाकडो कित्याक?" आता यावर काय बोलणार. त्यांनी मग त्यांच्याकडची पद्धत सांगितली, धोंडस (काकडी घालून केलेला रव्याचा केक) करताना जाड बुडाचं भांडं चुलीवर आणि वरच्या झाकणावर निखारे, म्हणजे खालूनवरून सारखी आच. वीज नको, इन्व्हर्टर नको, वर फक्त नारळाच्या करवंट्यांचे निखारे. मी गॅसवर त्याची नक्कल केली, गाडीतल्या दोन बर्नरपैकी मोठ्यावर जाड कढई, तळाला मीठ, त्यात जाळी आणि नानखटाई. खरं सांगू का, ओटीजीपेक्षा छान झाली. मात्र एका गोष्टीचा कोकणात इलाज नाही, दमट हवा. नानखटाई गार होऊन डब्यात जाईपर्यंत तासाभरात मऊ पडायला लागली, शिवाय मुंग्यांना आमच्या आधी पत्ता लागला. तेव्हा करा आणि तिथेच संपवा.

दुपारी एसी लावून चौघंही झोपलो. मांजरं वरच्या बेडवर, ड्रायव्हर केबिनच्या डोक्यावर जी माळ्यासारखी जागा असते तिथे, छोट्या खिडकीतून बाहेर आंब्यातले बुलबुल दिसतात. ती खिडकी म्हणजे त्यांचा टीव्ही होता. बघून घ्या मात्र, खिडक्यांना जी मच्छरदाणीची सरकती जाळी असते ती मांजराच्या नखापुढे काहीच नाही. आम्ही घरून जाड जाळीचे तुकडे आणि क्लिपा नेल्या होत्या. आणि बेडखालच्या ड्रॉवरच्या मागे वायरिंगसाठी एक पोकळी असते, मांजराचं डोकं शिरेल एवढी, तिथे टॉवेल कोंबा, नाहीतर अख्खी गाडी खोलायची वेळ येईल.

संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर पायी जाऊन आलो, मांजरांशिवाय. येताना शिरोड्याची मिठागरं बघितली, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातली हीच, अजून मीठ काढतात, छोटे छोटे ढीग उन्हात चमकत होते. दादांनी येताना बाजारातून बांगडे आणले. मांजरांना नुसते उकडून, काटे काढून, मीठ-मसाला-कांदा काही नाही. आम्हाला काकींकडचं तिरफळ घातलेलं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण. ज्याला त्याला आपापलं.

संडासाचं पटकन सांगते कारण सगळे तेच विचारतात. कॅसेट प्रकारचा, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायची, स्वच्छ होता, वास नाही, दोन माणसांना दीड-दोन दिवसांनी रिकामा करावा लागतो आणि तो रिकामा कुठे करायचा याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं. काकींच्या घरच्या संडासात, त्यांची परवानगी घेऊन, दादांनी निमूटपणे केलं, त्यांना वेगळे पैसे दिले. मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली माती त्यात चुकूनही टाकू नका, तुंबतं. ट्रेसाठी लाकडाच्या गोळ्या घेऊन जा, कोकणाच्या हवेत बेंटोनाइट मातीवालं नुसतं चिखल होतं. आंघोळीला गाडीत गीझर आहे पण टाकी शंभर-सव्वाशे लिटरची, विहिरीवर दोन कळश्या घेतल्यात तर टाकी वाचते.

डिपॉझिटवरून थोडं झालं. पडद्यावर नखांच्या दोन खुणा दाखवून कापायला निघाले होते, ताबा घेताना काढलेला व्हिडिओ दाखवला, खुणा त्यात आधीपासूनच होत्या, मग पूर्ण परत आले. व्हिडिओ काढाच, पडदे, काचा, टायर, खालची बाजू, सगळं.

पाचपैकी साडेतीन. एक पूर्ण स्टार त्या "बिल्ट-इन ओव्हन"चा, बारीक वायरीचा आणि नसलेल्या ठोकळ्यांचा कापलाय, अर्धा कॅसेटचा. दादांना वेगळे पाच. परत घेणार का, हो, पण सुरंगीच्याच दिवसांत, काकींच्याच वाडीत, आणि कुडाळहून तिथे आणून लावायचे नि शेवटी घेऊन जायचे एवढेच किलोमीटर धरून भाडं कमी करतात का ते आधी घासाघीस करून. फोनवर विचारलंय, "बघतो मॅडम" म्हणालेत.